शेवटचा बोल्ट मालकाचा

आमच्या घरातल्या वूफरच्या कडेला आठ भोकं आहेत आणि बोल्ट सातच. घरी येणारा प्रत्येक माणूस हे बघतो आणि मला सांगतो, जसं काही मला डोळेच नाहीत. पाहुणे सांगतात, सिलिंडर आणणारा सांगतो, ब्लाउज शिवायला आलेल्या बाया माप देता देता मान वळवून सांगतात, "ताई, इथला एक पडला वाटते." पडलेला नाही. तो माझ्या शिलाई मशीनच्या खणात आहे, बॉबिनांच्या शेजारी. तो तिथे का आहे हे मी कोणाला धड सांगितलेलं नाही, कारण सांगायला बसलं की गोष्ट लांबते आणि ब्लाउज राहून जातात.

माझं माहेर वडनेर भोलजीचं, घर हायवेला लागून. ट्रक जायला तिथे दिवस-रात्र असं काही नसतं. जड ट्रक गेला की फडताळातली ताटं किणकिणायची, पलंग हलायचा, फरशीवर पाय ठेवला तर तळपायाला गुदगुल्या व्हायच्या. त्या थरथरीतच मी वाढले. मग लग्न होऊन सोनाळ्याला आले. गाव मोठं आहे, बाजार आहे, सगळं आहे, पण दिवेलागण झाली की सातपुड्याच्या बाजूने अशी शांतता उतरते की मला झोपच येईना. नव्या नवरीला झोप येत नाही म्हटल्यावर शेजारच्या बायकांनी जे समजायचं ते समजून घेतलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. खरं कारण मी फक्त नवऱ्याला सांगितलं.

तो तेव्हा लग्नाकार्यात साउंड लावायचा. ऐकून हसला नाही. म्हणाला, "मंग तुले ट्रक पायजे. थांब, घरातच आनतो एक."

ट्रक म्हणजे वूफर, ढोलाचा जड आवाज काढणारा मोठा स्पीकर. स्वतःच्या हाताने पेटी बनवून, त्यात मोठा वूफर बसवून, माझ्या पायाखालची फरशी हलवून दाखवीन असा त्याचा शब्द होता. पण साउंडचं काम म्हणजे चार महिने धावपळ आणि बाकीचं वर्ष बसून राहणं. बसून राहणं त्याला मानवेना. एसी दुरुस्तीचं काम शिकला आणि मस्कतला गेला. वर्षातून एकदा सुट्टी. तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणते. मनात मात्र तो 'तो'च आहे, आणि मनातल्या मनात मी त्याच्याशी पुष्कळ भांडते.

मागच्या सुट्टीत तो आला आणि त्याला तो शब्द आठवला. आमच्या गल्लीच्या टोकाला मिस्तरी चाचांचं सुतारकामाचं दुकान आहे. माझ्या सासऱ्यांचे ते दोस्त, सासरे गेले तरी घरी येणं-जाणं तसंच राहिलं. मला बहू म्हणतात. दोघांनी मिळून जाड प्लायची पेटी बनवली. सुट्टीतले कितीतरी दिवस नवरा अंगाला भुसा लावून घरी यायचा आणि मी ओरडायचे की कपडे बाहेर झटका. बाहेर झटकायचा. दारात उभा राहून शर्ट झटकणारा तो मला अजून दिसतो. आता दारात भुसा नसतो, आणि मला तो नसलेला भुसा रोज झाडावासा वाटतो.

पेटी झाली, पण कुरिअरने मागवलेला वूफर काही वेळेवर आला नाही. सुट्टी संपली. शेगावच्या स्टेशनवर मी त्याला सोडायला गेले होते. गाडीत चढताना म्हणाला, "पोळ्याले येतोच. वूफर आला तं चाचाकडून बसवून घे. नाई तं राहू दे, मी आल्यावर पाहीन."

समोर भलंमोठं गोल भोक पडलेली ती पेटी मग बैठकीत कोपऱ्यात बसून राहिली. सासूबाईंनी बघितलं की जागा रिकामी आहे, वाराही लागतो, म्हणून त्यात कांदे ठेवले.  माझ्या नवऱ्याच्या शब्दात कांदे ठेवले म्हणून राग आला होता, पण कांदे टिकले मात्र चांगले.

पावसाळ्यात एक दिवस वूफर आला. खोक्यातून काढला तेव्हा दोन्ही हातांना जड लागला. मागे ताटलीएवढं चुंबक. मी तो मशीनवर ठेवला तर टेबलावरच्या टाचण्या सरसर सरकत जाऊन त्याला चिकटल्या, कात्रीसुद्धा वळली. सासूबाई म्हणाल्या, "याच्यात काही तरी हाय." मी त्याच क्षणी ठरवलं. पोळ्याला तो येईल, उंबऱ्यात पाऊल ठेवेल आणि त्याच्या पायाखालची फरशी हलेल. त्याने मला ट्रक आणून देतो म्हटलं होतं ना, मीच त्याच्यासाठी सुरू करून ठेवीन. पोळ्याला अजून वेळ होता. मला त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना.

शेगावला दर्शनाला गेले तेव्हा बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात शिरले. वूफर बसवायचे स्क्रू द्या म्हटलं. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या प्रसादाच्या पिशवीकडे बघितलं आणि काळे लांबलचक स्क्रू काढून ठेवले. "डीजेवाले हेच नेतात वहिनी. लांब घ्या, पक्के बसतात." लांब म्हणजे पक्के, हे मलाही पटलं. कापडाला टाका मोठा घातला तर कच्चा राहतो हे जिला रोज दिसतं तिला हे पटायला नको होतं, पण हार्डवेअरच्या दुकानात बाईमाणसाला वाटतं की इथले नियम वेगळे असतील.

चाचांनी पुडी उघडली, एक स्क्रू बोटांत फिरवून बघितला.  वूफरच्या भोकावर धरून दाखवला. काळ्या स्क्रूचं डोकं खालून निमुळतं, भोकात शिरायला बघत होतं. पत्र्याची कडा त्याला नीट टेकेना.

"हा भिंतीले जिप्समच्या पाट्या लावाचा हाय," ते म्हणाले. "याचं डोकं लाकडात बुडाले बनवेल हाय, बहू. इथं बुडालं तं कडा फाटंन. आन ताकद लावली तं असं होते."

उरलेल्या प्लायच्या तुकड्यात त्यांनी तो पेचकसने कसला. कट्ट आवाज झाला आणि डोकं तुटून माझ्या पायाशी पडलं. शरीर लाकडात, डोकं बाहेर. मी हसले, मग मला ते फार वाईट वाटलं. आमच्या घराची तीच तऱ्हा आहे असं मनात आलं आणि मी तो विचार झटकला. चाचा तोवर पकडीने उरलेला स्क्रू उपसत बसले होते.

मग त्यांनी मला समजावलं. ते समजावणं मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण स्क्रूबद्दल बोलता बोलता ते माझ्या मनातलंच बोलत होते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"दोन रस्ते हायेत. एक, लाकडाचा स्क्रू. खालून सपाट, वरून गोल डोक्याचा. प्लायमधी अर्ध्याच्या वर शिरंन पन आरपार जानार नाई, इतकाच लांब. साबनावर घासून लावला का बसते मस्त. पन तो एकदा बसला का बसला. काढला, लावला, काढला, लावला, तं लाकूड झिजते. दरवेळी तीच पकड नाई राह्यत. दुसरा, नट-बोल्ट. प्लायच्या मागून असा नट ठोकाचा, त्याले दात असतात, ते लाकूड धरून ठेवतात. समोरून बोल्ट. त्याचे आटे लोखंडात, लाकूड झिजाचा सवालच नाई. कितीक वेळा खोला." त्यांनी पेचकस खाली ठेवला. "आता तू सांग. हा वूफर पुन्हा खोलनं हाय का नाई?"

खोलणार. खोलणारच. माझा नवरा आणलेली कुठलीही वस्तू खोलल्याशिवाय राहत नाही. लग्नात आलेला मिक्सर त्याने पहिल्याच आठवड्यात खोलला होता. तो आला की पेटी आडवी पाडेल, वूफर काढेल, वायरी बघेल, आत कापूस भरेल, पुन्हा लावेल, ऐकेल, मान हलवेल, पुन्हा काढेल. मला ते सगळं समोर दिसत होतं. मी म्हटलं, "नट-बोल्ट." चाचा म्हणाले, "एकदा त्यालेबी विचारून घे."

शुक्रवारी त्याला सुट्टी असते. दुपारी फोन येतो. त्या शुक्रवारी चाचा जुम्म्याची नमाज पढून परस्पर आमच्याकडे आले होते, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. मी सगळं सांगितलं, काळे स्क्रू, तुटलेलं डोकं, नट-बोल्ट. तो ऐकत होता. मागे कुठेतरी मोठ्या मशीनची घरघर.

"साधे स्क्रू लावून टाक व," तो म्हणाला. "नट-बोल्ट काऊन पायजे? कोन खोलते त्याले आता?"

"तुमी खोलान," मी म्हटलं.

तिकडून लगेच काही आलं नाही. मग म्हणाला, "हाव. तेबी हाय. लाव मंग बोल्ट."

चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा ग्लास उचलला. मला राग आला होता. वाटलं, तिकडे राहून आळशी झालाय, स्वतःच्या पेटीचंही सोयरसुतक नाही. राग येणं सोपं होतं. त्याच्या त्या थांबण्यात दुसरं काही असेल हे मला ऐकू आलं नाही असं नाही. मी ऐकलं आणि वर रागाचं कापड घातलं.

बोल्ट नांदुऱ्याहून चाचांनीच आणवले, सोबत वायसर आणि ते दातांचे नट. कांदे काढले. पेटी पुसली. चाचांनी बोल्टच्या प्रत्येक भोकामागे आतून नट ठोकला. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून मोठ्या भोकाच्या कडेने गोल लावली, म्हणजे हवा निघणार नाही. वूफर आत बसवताना मला जवळ उभं केलं आणि सांगितलं की एक हात मधल्या कागदी पडद्यावर आडवा धरून ठेव, चुंबक पेचकस ओढते, हात घसरला का कागदात भोक. मी हात धरला. खरंच ते चुंबक पेचकस ओढत होतं, मला माझ्या तळव्याजवळून जाणवत होतं.

बोल्ट त्यांनी समोरासमोर कसले. वरचा थोडा, मग खालचा थोडा, मग डावा, मग उजवा. एकच आधी पूर्ण आवळला तर कडा एका बाजूने उचलते. मला हे नवीन नव्हतं. गादीला टाके घालताना आम्हीही असंच करतो. सात झाले. आठवा त्यांनी हातात घेतला, फडक्याला पुसला आणि पेचकसासोबत माझ्यापुढे धरला.

"शेवटचा मालकाचा," ते म्हणाले.

ही त्यांची पद्धत. दरवाजा असो, पाळणा असो, कपाट असो, शेवटचा खिळा किंवा पेच ते कधी स्वतः मारत नाहीत. त्यांच्या अब्बांचं तसं होतं. ज्याची वस्तू त्याने शेवटचा हात लावायचा, मगच ती वस्तू त्याच्या घरात राहते. सोनाळ्यातल्या कितीतरी दारांचा शेवटचा खिळा वाकडा आहे तो त्यामुळेच. आमच्या घराच्या दाराचा शेवटचा खिळा माझ्या सासऱ्यांनी मारलेला, तोही वाकडाच.

मी बोल्ट घेतला आणि म्हटलं, "मालक मस्कतले हायेत चाचा. पोळ्याले येतात. ते कसतीन."

"तू मालक नाई का?"

"पेटी त्यायनं बनवली."

"कोनासाठी बनवली?" ते म्हणाले, पण उत्तराची वाट बघितली नाही. हत्यारं पिशवीत भरली. जाता जाता एवढंच म्हणाले की त्या भोकातून हवा निघेल, वाजेल पण फुसफुसेल. चालते, मी म्हटलं. महिन्याभराचा तर प्रश्न आहे.

ते गेल्यावर मी नवऱ्याच्या जुन्या ॲम्प्लिफायरला वायरी जोडल्या आणि पेनड्राइव्हवरचं गाणं लावलं. ढोलकीचा पहिला ठोका पडला आणि फरशी हलली. ताटं किणकिणली. चपला काढून मी तशीच उभी राहिले, तळपायांत वडनेर आलं, बापाच्या घराची ओसरी आली, आणि डोळ्यांत पाणी आलं. आणि प्रत्येक ठोक्याला त्या रिकाम्या भोकातून फुस्स. ठोका, फुस्स. ठोका, फुस्स. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "साप हाय का व त्याच्यात?" मी भोकावर बोट ठेवलं. हवा बोटाला ढकलत होती, मग ओढत होती. बोट ठेवलं की गाणं पूर्ण, काढलं की फुसफुस. त्या महिन्यात मी गाणी बोट ठेवूनच ऐकली. एका बोटापुरतंच काम होतं, आणि पोळ्यापासून ते त्याच्या हाताचं होणार होतं.

मी घर आवरलं. पडदे शिवले. त्याच्या आवडीचं तिखट वाटून ठेवलं. येणाऱ्या बायांना सांगितलं की पोळ्याच्या आठवड्यात कापड आणू नका, मला वेळ नसणार. गल्लीत सगळ्यांना माहीत झालं होतं. मी मुद्दाम सांगितलं होतं असं नाही, पण माझ्या चालण्यातच ते दिसत असणार.

पोळ्याच्या आधीच्या शुक्रवारी फोन आला. हालहवाल झाली. पाऊस विचारला. आईचे गुडघे विचारले. मग तो म्हणाला, "तो शेवटचा बोल्ट लावला का तू?"

"नाई. तुमाले ठेवला."

"लावून टाक ना. उगाच हवा निघून राह्यली असंन. वूफरले चांगलं नाई ते."

मी मशीनवर बसले होते. पायाखालचं पायडल थांबलं. कसं सांगू, पण मला तिथेच कळलं. येणारा माणूस असं म्हणत नाही. येणारा म्हणतो, हात लावू नको, मी आलोच. मी विचारलं, "तिकीट काढलं का?"

तो सांगायला लागला. कंपनीला दुसरं मोठं काम मिळालं होतं. करार वाढवला होता. त्या दिवशी, चाचा बसले होते तेव्हाच, सही होऊन गेली होती, पण स्पीकरवर सगळ्यांसमोर सांगवलं नाही. मग नंतर सांगवलं नाही. पुढच्या साली नक्की. दोन सणांची सुट्टी एकदम घेईन. मी 'हाव, हाव' म्हणत होते. भांडायला मला शब्द कधी कमी पडत नाहीत, पण त्या दिवशी सगळे शब्द मनातच भांडत राहिले. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या.  माझ्या तोंडाकडे बघितलं आणि परत आत गेल्या, आणि आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

"कसून दे आता तो बोल्ट," तो पुन्हा म्हणाला. या वेळी हळू. "माह्यासाठी नोको ठेवू."

मी उठले. खणातून बोल्ट काढला, वायसर काढला. पेचकस तिथेच होता. भोकापाशी धरला. एवढंच करायचं होतं, मनगट वळवायचं आणि पेटी पूर्ण झाली असती. माझीच पेटी. माझ्यासाठीच तर बनवली होती, चाचांचं काही चुकलं नव्हतं. मी बोल्ट भोकाच्या तोंडाशी टेकवला आणि मला असं वाटलं की हा आता आत गेला की या घरात त्याचं करायचं राहिलेलं काहीच उरणार नाही. दाराचा खिळा त्याच्या बापाने मारलेला. स्वयंपाकघर सासूबाईंचं. मशीन माझी. त्याच्या नावाने रिकामं असं हे एवढंच भोक होतं.

बोल्ट परत खणात टाकला. फोन चालूच होता. वूफर लावला, तेच ढोलकीचं गाणं, आणि फोन पेटीसमोर धरला. फरशी हलत होती. ताटं किणकिणत होती. गाणं संपेपर्यंत फोन तसाच धरून ठेवला.

"काय ऐकू आलं?" मी विचारलं.

"बेस तं काही येऊनच नाई राह्यला," तो म्हणाला. साउंडवाला माणूस, त्याला कळायला वेळ लागत नाही. फोनमधून बेस जातच नाही, तो जिथे आहे तिथेच राहतो, फरशीत आणि तळपायात. "नुसती फुसफुस येऊन राह्यली. एकाच जागेवरून."  त्याला कळलं होतं ती जागा कोणती.

"तेवढंच तुमच्याकडं येते," मी म्हटलं.

 मस्कतच्या त्या खोलीत कोणीतरी कुकर उघडला असावा, शिट्टीची वाफ गेल्याचा आवाज आला. मी फोन ठेवला.

पोळा झाला. मी बोलल्याप्रमाणे त्या आठवड्यात कापड घेतलं नाही आणि रिकाम्या हाताने बसून राहिले. चाचा येऊन गेले, पेटीकडे बघितलं, भोक बघितलं आणि नुसती मान डोलावली. सासूबाई आता फुसफुशीबद्दल बोलत नाहीत. उलट परवा पाहुण्यांनी बोल्टचं काढलं तेव्हा त्याच म्हणाल्या, "राहू द्या, तो पोराचा हाय."

आता शुक्रवारी फोन येतो. हालहवाल होते, पाऊस होतो, गुडघे होतात. ठेवायच्या आधी तो म्हणतो, "लाव व जरा." मी वूफर लावते, फोन त्या भोकाशी धरते आणि बोट काढून घेते.